कॅन्सरचा इलाज सुरू असताना कोरोना: घरच्यांनी काय समजून घ्यावे

२०२५ च्या मे महिन्यात परळच्या केईएम रुग्णालयात दोन कोरोनाबाधित रुग्ण दगावल्याची बातमी आली आणि दोन-तीन दिवस आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा २०२० सालासारखे वातावरण झाले. त्या दोघांपैकी एकाला कॅन्सर होता, दुसऱ्याला मूत्रपिंडाचा आजार. मृत्यू कोरोनामुळे नव्हे तर मूळ आजारामुळे झाले, असे महापालिकेने लगेच सांगितले आणि बातमी मागे पडली. पण ज्या घरात कोणाची केमो सुरू होती, त्या घरातला प्रश्न काही मागे पडला नाही. पुढच्या आठवड्यात अम्मीची तारीख आहे, न्यायचे की नाही?

जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, मालवणी, मुलुंड, सगळीकडून हाच प्रश्न कानावर येतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण पालकसभेला आलेले लोक मला हे विचारतात, कारण हॉस्पिटलमध्ये विचारायला वेळ मिळत नाही आणि मिळाला तरी इंग्रजीत लिहिलेला कागद हातात येतो. त्याचे उत्तर आधी सांगते: न्यायचे. तारीख पुढे ढकलायची असेल तर ते आपले डॉक्टर ठरवतील, मोहल्ला नाही. आता असे का, ते नीट पाहू.

केमो घेतल्यावर शरीरात काय होते

कॅन्सरच्या पेशी फार वेगाने वाढतात. केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारतात. पण शरीरात चांगल्या पेशीही वेगाने बनत असतात: केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हाडांच्या मगजात, जिथे रक्त तयार होते. म्हणून केस गळतात, तोंडात छाले येतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. बहुतेक औषधांत केमो दिल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत खाली जातात आणि मग हळूहळू वर येतात. दर वेळी केमोच्या आधी जो सीबीसी काढायला सांगतात तो याचसाठी.

पांढऱ्या पेशी एकाच प्रकारच्या नसतात, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी मुख्यतः जंतू आणि बुरशीशी लढतात. लिम्फोसाइट नावाच्या पेशी विषाणूशी लढतात, त्याला ओळखून ठेवतात आणि अँटिबॉडी बनवतात. कोरोना हा विषाणू आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत लिम्फोसाइटची ताकद जास्त मोजायची. म्हणूनच सगळ्या कॅन्सर रुग्णांचा धोका सारखा नसतो.

ज्यांना रक्ताचा कॅन्सर आहे, म्हणजे ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, त्यांच्यात पहारेकरीच आजारी असतात. त्यांना कोरोनाचा धोका सर्वांत जास्त, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन देतात. ते अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींनाच साफ करते आणि त्याचा असर शेवटच्या डोसनंतर कितीतरी महिने राहतो. अशा रुग्णाला लस दिली तरी अँटिबॉडी कमी बनतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेले रुग्णही याच गटात येतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये श्वासाची जागाच आधी अडलेली असते, त्यामुळे थोड्याशा संसर्गानेही ऑक्सिजन लवकर खाली येतो. डॉक्टरांनी बरेच दिवस स्टिरॉइड दिले असेल तर तेही प्रतिकारशक्ती दाबते.

याउलट, स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच-पाच वर्षे टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची रोजची गोळी घेणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्यात आहेत. ही हार्मोनची गोळी केमोसारख्या पांढऱ्या पेशी पाडत नाही. ज्यांचा इलाज संपून काही वर्षे झाली, त्यांचा धोका त्यांच्या वयाच्या इतर माणसांच्या जवळपास येतो. शुगर, बीपी, वय हे हिशेब अर्थातच वेगळे. हे मुद्दाम सांगते, कारण 'कॅन्सर' हा एक शब्द ऐकून घरचे लोक त्या बाईला वर्षानुवर्षे लग्नाला जाऊ देत नाहीत, आणि ज्याची केमो परवाच झाली त्या चाचांना मात्र त्याच लग्नाच्या दावतीत पुढे बसवतात.

२०२० ने काय शिकवले

साथीच्या सुरुवातीला चीनमधून एक अभ्यास आला होता. कोरोनाच्या १,५९० रुग्णांत १८ जणांना कॅन्सर होता किंवा होऊन गेला होता. त्यांपैकी ३९ टक्के रुग्ण गंभीर झाले. कॅन्सर नसलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. आकडा भीतीदायक होता आणि तो सगळीकडे पसरला. पण १८ माणसांवरून किती बोलायचे? आमच्या आठवीच्या एका तुकडीत याच्या तिप्पट मुले बसतात. तरीही त्या एका आकड्यावरून जगभर कितीतरी रुग्णांच्या केमोच्या तारखा पुढे गेल्या.

नंतर मोठे अभ्यास आले. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी कोरोना झालेल्या ८०० कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली. वय, पुरुष असणे आणि सोबतचे इतर आजार यांमुळे मृत्यूचा धोका वाढत होता. गेल्या चार आठवड्यांत केमो घेतली होती की नाही, याने मृत्यूच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही.

आपल्या मुंबईचाच पुरावा याहून जवळचा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दारे बंद केली नाहीत. गेटवर तपासणी सुरू झाली, नुसत्या फॉलोअपला येणाऱ्यांना फोनवर सल्ला दिला गेला, ज्यांचा इलाज थांबवणे परवडणार नाही त्यांना आधी घेतले गेले. लोकल बंद होत्या, बाहेरगावचे रुग्ण परळच्या फूटपाथवर अडकून पडले होते, आणि तरी काम चालू होते. कोरोना झालेल्या टाटाच्या रुग्णांना ठेवण्यासाठी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सोय झाली होती. त्या काळात केमो किंवा तत्सम औषधे सुरू असताना कोरोना झालेल्या २३० रुग्णांचा अभ्यास टाटाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे ८५ टक्के रुग्णांना कोरोना सौम्य होता. १० टक्के रुग्ण दगावले.

१० टक्के म्हणजे थोडे नाही. दहा घरांपैकी एका घरातले माणूस गेले. धोका नाही, असे मी म्हणत नाही. त्या वेळी लसही नव्हती, औषधेही हाताशी नव्हती. पण दुसऱ्या बाजूचा आकडाही पाहा. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची तुलना आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी केली. २०१९ मध्ये त्या तीन महिन्यांत १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ५१,७६०. निम्म्याहून जास्त कमी. मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास अर्ध्यावर आल्या. कॅन्सर काही त्या तीन महिन्यांत कमी झाला नव्हता. ते साठ हजार लोक घरी बसले होते, गाठ घेऊन. त्यांतले बरेच जण नंतर आले तेव्हा पहिल्या टप्प्यातला आजार तिसऱ्या टप्प्यात गेलेला असणार, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

आमच्या ओळखीतल्या एका घरात असेच झाले. स्तनात गाठ लागली होती फेब्रुवारी २०२० मध्ये. 'हे सगळे संपू दे, मग बघू' असे ठरले. दाखवायला गेले दिवाळीनंतर. पुढचे लिहीत नाही.

आज विषाणूही बदलला आहे. ओमिक्रॉन आणि त्याच्या पोटजाती आल्यापासून फुप्फुसापर्यंत जाऊन माणूस गंभीर होण्याचे प्रमाण खाली आले, बहुतेकांना लस किंवा आधीच्या संसर्गाने काही ना काही संरक्षण मिळाले. धोका उरला तो मुख्यतः वर सांगितलेल्या गटांना. त्यांच्यासाठी आजही हा साधा सर्दी-खोकला नाही.

ताप आला तर

हा भाग कापून फ्रिजवर लावा, असे मी पालकांना सांगते.

केमो सुरू असलेल्या माणसाला १०० पॉइंट ४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, तर ते इमर्जन्सी आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी. 'सकाळी बघू' हे वाक्य इथे चालत नाही. कारण ताप कोरोनाचा असेल किंवा न्यूट्रोफिल खाली गेल्यामुळे रक्तात जंतू शिरल्याचा असेल, घरात बसून ते कळत नाही. दुसऱ्या प्रकारात शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्यतो पोहोचल्यापासून एका तासाच्या आत सुरू व्हावे लागते. काही तासांची दिरंगाई जीव घेऊ शकते. म्हणजे कोरोनाच्या भीतीने हॉस्पिटल टाळणारा माणूस कोरोनापेक्षा मोठा धोका घरात घेऊन बसतो.

आणखी एक. ताप मोजण्याआधी क्रोसिन किंवा डोलो देऊ नका. गोळीने आकडा खाली येतो, आतली आग तशीच राहते आणि डॉक्टरांना खरा अंदाज येत नाही. आधी थर्मामीटर, मग फोन, मग डॉक्टर सांगतील ती गोळी. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणून दोन दिवस वाट बघणे तर अजिबात नको. पेशी फार खाली असल्या की कधी कधी तापच येत नाही; थंडी वाजून थरथर सुटते, माणूस गुंगीत जातो, लघवी कमी होते. तेव्हाही तसेच निघायचे.

घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२० चा पडलेला असेल. सेल बदलून ठेवा. शांत बसलेले असताना ९४ च्या खाली आकडा दाखवत असेल तर निघा. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, हे आपल्या घरांत सांगायलाच हवे.

हॉस्पिटलला पोहोचल्यावर पहिल्याच माणसाला सांगा, 'केमो सुरू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.' नुसता 'ताप आहे' म्हटले तर सरकारी दवाखान्याच्या रांगेत तुमचा नंबर इतर तापाच्या रुग्णांमागे लागेल. जवळच्या राजावाडीला गेलात, कूपरला गेलात की शताब्दीला, तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला तुमची टाटाची फाईल माहीत नसते. फाईल, निदान शेवटच्या डोसचा कागद आणि शेवटचा सीबीसी, प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगलेले असावे.

विषाणू घरात कोण आणतो

केमोचा रुग्ण स्वतः बाजारात फारसा जात नाही. त्याला विषाणू आणून देतो तो घरातला आणि घरी येणारा माणूस. इथे आपल्या काही चांगल्या सवयींकडे पाहावे लागेल.

इयादत, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, ही सुन्नत आहे आणि आपण ती मनापासून पाळतो. एखाद्याला कॅन्सर झाल्याचे कळले की पंधरा दिवसांत सगळे खानदान येऊन जाते. मुंब्र्याहून खाला, भिवंडीहून फूफी, गावाहून मामू. सोबत मुले. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, दार लावलेले, पंखा फिरतोय, आणि रुग्ण मधोमध पलंगावर. कोरोना हवेतून पसरतो, बंद खोलीत तासभर तरंगत राहतो. येणाऱ्यांतल्या एकालाही 'थोडेसे सर्दीसारखे' असले तरी पुरे.

केमोच्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे तरी बाहेरच्यांनी येऊ नये, असे घरच्या एका मोठ्या माणसाने सरळ सांगावे. हे काम रुग्णावर किंवा घरच्या सुनेवर टाकू नका. सून बोलली तर तिचे नाव खराब होते. भाईजानने किंवा दादींनी फोनवर सांगितले तर कोणी वाईट मानत नाही. इयादत फोनवरही होते. व्हिडिओ कॉलवर होते. आणि खरोखर उपयोगी पडायचे असेल तर तसे विचारा: रक्त किंवा प्लेटलेट द्यायला कोणी निरोगी तरुण हवा आहे का, परळला सोबत कोण जाणार, मुलांना शाळेतून कोण आणणार. ब्लड बँकेत डोनर कमी पडतात तेव्हा फळांच्या पाच पिशव्या कामाला येत नाहीत.

मुसाफा आणि गळाभेट काही दिवस बंद. सलाम तोंडानेही होतो. मशिदीत वुजूसाठी हात धुतले म्हणजे झाले, असे काहींना वाटते. वुजू आपल्या जागी, पण घरी येऊन साबणाने हात धुणे वेगळे. आणि सगळ्यांनी तोंड पुसायचा एकच टॉवेल बाजूला काढा.

शाळेतून येणारी मुले हा मोठा रस्ता आहे आणि हा माझ्या कामाचा भाग असल्याने थोडे सविस्तर लिहिते. हजेरीच्या बक्षिसापायी, किंवा घरी सांभाळायला कोणी नसते म्हणून, तापातली मुले वर्गात बसवली जातात. त्यांच्या बाकावर बसणाऱ्या मुलाची अम्मी केमोवर आहे, हे कोणालाच माहीत नसते. माझ्याच वर्गात एका मुलाने हे सहा महिने लपवले होते. शेवटी त्याच्या आजीने सांगितले. कॅन्सर लपवण्याची आपल्याकडे रीत आहे, मुलीच्या लग्नाचा विचार असतो, ते मी समजू शकते. पण निदान वर्गशिक्षकांना एकट्याला सांगा. वर्गात कोणी खोकत असेल तर तुमच्या मुलाला आम्ही खिडकीजवळ बसवू, दोन दिवस आधी फोन करू. घरी आल्यावर मुलाने कपडे बदलावेत, हात-तोंड धुवावे, आणि स्वतःला सर्दी असेल तर अम्मीजवळ झोपू नये. लहान मुलाला हे सांगणे जड जाते. त्याला कारण सांगा, नाहीतर अम्मी आपल्यावर नाराज आहे असे तो धरून बसतो.

एका खोलीच्या घरात

'रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा' असे सल्ले वाचले की मला हसू येते. बेहरामपाड्यात किंवा विक्रोळी पार्कसाइटला वेगळी खोली कुठून आणायची? मग जे होईल ते करायचे. रुग्णाची जागा खिडकीजवळ. हवा खिडकीतून आत आणि दारातून बाहेर जाईल अशी. टेबलफॅन असेल तर तो खोकणाऱ्याकडून रुग्णाकडे वारा फेकणारा नको. घरात कोणाला सर्दी-ताप झाला तर रुग्णाला हलवण्यापेक्षा त्या आजारी माणसाला चार दिवस भावाकडे, शेजारी, पोटमाळ्यावर झोपायला पाठवणे सोपे. तेही जमत नसेल तर दोघांनीही एन-९५ मास्क लावावा. कापडी मास्क किंवा तोंडावर ओढणी फार काही थांबवत नाही. सार्वजनिक शौचालय असेल तर रुग्णाने मास्क लावून, गर्दी नसलेल्या वेळी जावे.

प्रवासाचे गणितही असेच. घाटकोपर-मुलुंडकडून स्लो ट्रेनने थेट परळ, बोरिवली-अंधेरीकडून प्रभादेवीला उतरून पूल ओलांडून परळ. सकाळी साडेआठची गाडी म्हणजे छातीला छाती. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, त्यात कॅन्सरच्या रुग्णालाही प्रवास करता येतो. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा. पुष्कळांना हे माहीतच नसते आणि माहीत असले तरी लाजतात. ओपीडीची वेळ दुपारची मिळते का विचारा. रिक्षात बसलात तर पडदे उघडे ठेवा. वेटिंगच्या हॉलमध्ये एका रुग्णासोबत एकच माणूस पुरे.

टेस्ट, औषधे आणि घरचे नुस्खे

सर्दी-खोकला झाला तर टेस्ट लवकर करून घ्या, कारण कोरोनाची विषाणूविरोधी औषधे पहिल्या पाच-सात दिवसांतच काम करतात. निरमाट्रेलविर-रिटोनाविरच्या गोळ्या असतात आणि शिरेतून द्यायचे रेमडेसिविर असते. तेच रेमडेसिविर, ज्यासाठी २०२१ च्या एप्रिलमध्ये लोकांनी दागिने विकले, आणि बहुतेकांना ते उशिरा मिळाले म्हणून फारसे उपयोगीही पडले नाही. रिटोनाविर कॅन्सरच्या कितीतरी गोळ्यांशी भिडते, रक्तातले त्यांचे प्रमाण वाढवते. म्हणून ही गोळी मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी लिहिली तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचे.

स्टिरॉइड स्वतःहून कधीच घेऊ नका. ज्यांना ऑक्सिजन लागतो अशाच रुग्णांना डेक्सामेथासोनचा फायदा झाला, हे २०२० मध्येच सिद्ध झाले आहे. ऑक्सिजन लागत नसताना घेतले तर नुकसान होऊ शकते, आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीने काय केले ते आपण पाहिले.

कोरोना झाल्यावर केमो पुन्हा कधी सुरू करायची, यावर घरात फार वाद होतात. 'रिपोर्ट निगेटिव्ह येऊ दे' हा हट्ट कॅन्सर रुग्णाच्या बाबतीत दर वेळी चालत नाही. कमजोर प्रतिकारशक्तीच्या माणसात विषाणू किंवा त्याचे अवशेष आठवडेच्या आठवडे सापडतात. केंब्रिजमधल्या एका रुग्णात तो शंभर दिवसांहून जास्त टिकला होता आणि आतल्या आत रूप बदलत होता. त्यामुळे लक्षणे, सीबीसी, कॅन्सरचा प्रकार आणि घाई किती, हे सगळे पाहून डॉक्टर तारीख ठरवतात. टाटाच्या त्या २३० रुग्णांपैकीही अनेकांचा इलाज बरे झाल्यावर पुन्हा सुरू झाला होता.

काढ्यांबद्दल. गुळवेलीचा काढा रोज पिणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही, वाद झाला. वाद असू दे. केमोची बरीच औषधे यकृतातूनच निचरा होतात, तेव्हा त्या काळात यकृतावर दुसरा भार टाकायचा कशाला? हिजामाचेही तसेच. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली असताना त्वचेला चिरा पाडणे म्हणजे जंतूंना दार उघडून देणे. डॉक्टरांना न विचारता अजिबात नको.

लस

भारतात १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या आजारी लोकांना आधी लस दिली गेली, त्यांच्या यादीत कॅन्सरचा इलाज घेणारेही होते. म्हणजे कॅन्सर रुग्णांना लस चालत नाही, ही अफवा तेव्हाही खोटी होती. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन, दोन्हींत जिवंत वाढणारा कोरोना विषाणू नाही. केमोच्या कोणत्या दिवशी घ्यायची, रिटुक्सिमॅबनंतर किती थांबायचे, पुढचा डोस हवा का आणि आज कोणती लस मिळते, हे डॉक्टरांना विचारा. रुग्णाच्या अंगी लस कमी लागते, म्हणून घरातल्या बाकीच्यांची लस जास्त महत्त्वाची. फ्लूची लसही, कारण पावसाळ्यात मुंबईत ताप येतो तो कोरोनाचाच असेल असे नाही.

रमजान आला की

रोज्याचा विषय दर वर्षी येतो. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणातच, सूरह बकरामध्ये दिली आहे. तरी आपल्या बुजुर्ग स्त्रिया केमोच्या दुसऱ्या दिवशी सहरीला उठून बसतात. सिस्प्लाटिनसारख्या औषधानंतर भरपूर पाणी प्यायले नाही तर मूत्रपिंड जाऊ शकते. अशक्त, कोरड्या पडलेल्या शरीराला संसर्ग झाला तर तो झेपणार नाही. कजा करायचा की फिदया द्यायचा, हे डॉक्टरांचे म्हणणे सांगून आलिमांना विचारा. त्यांच्यासमोर आजार अर्धा सांगू नका.

तरावीहची गर्दी, इफ्तारच्या दावती आणि ईदची गळाभेट याही दिवसांत येतात. २०२० चा रमजान आपण पूर्ण घरी काढला, ईदची नमाजही घरीच झाली. तेव्हा सगळ्या शहराने जे केले ते आता एका घराला एका माणसासाठी काही आठवडे करायचे असते, आणि ते एकट्याने करणे जास्त अवघड जाते. इफ्तारीची ताटे घरोघरी जातातच, तर त्या घरी ताजे, गरम, नीट शिजवलेले पाठवा. कापून ठेवलेली फळे, उघड्यावरचे शरबत, बर्फ नको.

केमोच्या तारखा रमजानमध्ये येत असतील तर कॅलेंडर आत्ताच काढून बसा. डोसची तारीख, त्यानंतरचा सातवा ते चौदावा दिवस आणि ईद, तिन्हींवर खूण करा. ईद त्या खुणेच्या आत पडत असेल तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवता येते. हॉस्पिटलच्या वॉर्डाचा रात्री उचलला जाणारा नंबर कोणता, हे पुढच्या ओपीडीला विचारून त्याच कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत, घरातल्या मुलांनाही वाचता येईल असा लिहा.